एचपीव्हीची लस निवडताना

मुलीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या ह्युमन पॅपिलोमा विषाणूवरील लस देण्याचे ठरवून दवाखान्यात गेलेल्या पालकांपुढे हल्ली मुख्यतः दोन नावे येतात. एक पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक, जी २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. दुसरी गार्डासिल ९. पहिलीची एक मात्रा खासगी दवाखान्यात साधारण २,००० रुपयांना पडते, तर दुसरीची किंमत त्याच्या सुमारे पाचपट असते. साहजिकच पहिला प्रश्न किमतीचा निघतो. खरे तर तो वयाचा असायला हवा.

९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. पंधरावे वर्ष पूर्ण झाल्यावर सुरुवात केली, तर पहिल्या मात्रेनंतर दोन व सहा महिन्यांनी अशा एकूण तीन घ्याव्या लागतात, म्हणजे खर्च दीडपट होतो. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना, उदाहरणार्थ एचआयव्हीबाधितांना, कोणत्याही वयात तीन मात्रा सुचवल्या जातात. लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही. ती पुढचा संसर्ग रोखते, म्हणून लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी ती घेतली तर तिचा सर्वाधिक लाभ होतो. ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबणाऱ्या पालकांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

आता या विषाणूच्या प्रकारांविषयी, जे क्रमांकांनी ओळखले जातात. सर्व्हावॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांच्या विषाणूंपासून संरक्षण देते. त्यांपैकी १६ आणि १८ हे गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत असतात, तर ६ आणि ११ मुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात. गार्डासिल ९ मध्ये याखेरीज ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ यांचा समावेश असल्याने तिचे संरक्षण सुमारे ९० टक्क्यांपर्यंत जाते. चाराच्या जागी नऊ म्हणजे दुपटीहून अधिक संरक्षण, असा हिशेब मात्र चुकीचा आहे, कारण मोठा वाटा १६ आणि १८ यांचाच आहे. ऐपत असल्यास नऊ प्रकारांची लस घ्यावी. पण तिच्यासाठी पैसे साठवण्यात मुलीची दोन-तीन वर्षे जाणार असतील, तर माझ्या मते सर्व्हावॅक आजच देणे अधिक शहाणपणाचे आहे. सर्व्हावॅक ९ ते २६ वर्षांच्या मुलग्यांनाही देता येते. सरकारी मोहिमेत मोफत लस मिळते का, याची चौकशी जवळच्या आरोग्य केंद्रात आधी करावी.

शक्यतो सर्व मात्रा एकाच कंपनीच्या घ्याव्यात आणि लसीचे नाव, तारीख व बॅच क्रमांक कार्डावर लिहून घ्यावा. दुसरी मात्रा लांबली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. यीस्टची तीव्र ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदरपणात ही लस टाळतात, मात्र नकळत घेतली गेली तर गर्भपाताची गरज नसते. टोचल्यावर काही मुलींना भोवळ येते, त्यामुळे पंधरा मिनिटे तिथेच बसवून ठेवावे.

लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी नियमित करून घ्यावी, कारण कोणतीही लस सर्व प्रकारांना अडवत नाही.