पोरांची गादी घेताय? कोकणात राहत असाल तर या चुका टाळा

मोठी मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा आम्ही हौसेने तिच्यासाठी गादी आणलेली, सहा इंची, वर मऊ मऊ मेमरी फोम, आणि मळू नये म्हणून कंपनीचं प्लॅस्टिक तसंच ठेवून वर चादर घातली. मिरगाच्या आसपास आणली. गणपतीला चाकरमानी येणार म्हणून गाद्या हलवायला घेतल्या तर खालून सगळे काळे ठिपके आणि असा कुबट वास की विचारू नका. पोरगी महिनाभर सकाळी उठली की शिंकत होती आणि आम्ही म्हणत होतो पावसाची हवा आहे, होतं असं.

पहिली चूक तीच, प्लॅस्टिक. ते फक्त गाडीतून घरी येईपर्यंत असतं हो, घरी आल्या आल्या फाडून टाकायचं. आत कोंडलेली ओल बाहेर पडत नाही, आणि पातळ प्लॅस्टिक बाळाच्या नाकातोंडावर आलं तर श्वास कोंडतो हा त्याहून मोठा धोका. शू लागते म्हणून मेणकापड टाकायचं तर तेही बाळाच्या अंगाखाली थेट नको. त्यापेक्षा गादीला चारी बाजूंनी घट्ट बसणारा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घ्या, वरून सुती असलेला, आणि दोन घ्या कारण जुलैमध्ये एक वाळत असतो तो वाळतच असतो.

दुसरी चूक म्हणजे आपल्या हाताने गादी निवडणं. आपण दुकानात बसतो, हात दाबतो, "अहाहा किती मऊ" आणि पैसे देऊन मोकळे. सासूबाई तेव्हाच म्हणालेल्या, "मऊ गादी म्हाताऱ्यांका व्हयी, पोराक कित्याक?" आणि त्यांचं बरोबर निघालं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर घट्ट आणि सपाट गादीच पाहिजे, कारण मऊ गादीत तोंड रुतलं तर त्याला मान वळवून सुटता येत नाही. तळहात दाबून उचला, खड्डा लगेच भरला पाहिजे, हाताचा ठसा राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. मेमरी फोममध्ये ठसा राहतोच, वर गरमही होतो, म्हणजे मे महिन्यात पोराची पाठ घामोळ्यांनी भरली म्हणून समजा. आणि दुकानदार "डेन्सिटी ४० ची आहे" म्हणाला म्हणजे ती घट्ट आहे असं नाही, डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो ते, त्यावरून टिकेल किती याचा अंदाज येतो. घट्टपणा हातानेच बघायचा. ऑर्थोपेडिक वगैरे लेबलसाठी जास्त पैसे घालवू नका, ठणठणीत पोराला त्याची गरज नसते.

मग घ्यायचं काय? आमच्या धाकट्याला चार इंची काथ्याची घेतली, रबर मारलेला कॉयर असतो तो. घट्ट असते, हवा खेळते. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादीही चांगली, पण कापूस ओल धरतो आणि गोळे होऊन मध्ये खळगा पडतो, मग तान्ह्या बाळाला ती चालत नाही. सावरीच्या कापसाची तर फारच मऊ, ती मोठ्यांनी घ्यावी. स्प्रिंगची समुद्राजवळ मी तरी घेणार नाही, खाऱ्या हवेने घराच्या खिडक्यांचे गज गंजतात तिथे स्प्रिंगचं काय घेऊन बसलात.

आता राईची उशी. हे लिहिलं की घरोघरी आज्या रागावणार, पण डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, बाजूला लोड, पायाशी गोधडी यातलं काहीच पहिल्या वर्षी झोपताना नको. पाठीवर झोपवा, अंथरूण रिकामं ठेवा. डोकं एका बाजूने चपटं होतंय वाटलं तर जागं असताना आपल्या देखत पोटावर खेळवा आणि डॉक्टरांना दाखवा. उशी दोन वर्षांनंतर, तीही पातळ.

अजून एक, फटी. पाळण्याची किंवा छोट्या कॉटची गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं जायला नकोत. पलंग भिंतीला लावून बाळाला भिंतीकडे झोपवतात ना, त्या फटीत बाळ अडकू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बाळाची वेगळी जागा आपल्या खोलीत, आपल्या शेजारीच केलेली सगळ्यात बरी.

ओलीचं म्हणाल तर पावसाळ्यात आपल्याकडे हवेत दमटपणा ८०-९० टक्के असतो आणि धुळीतल्या बारीक किड्यांना ५० च्या वर गेला की चंगळच. गादी थेट लादीवर घालत असाल तर रोज सकाळी उचलून भिंतीला उभी करा, खालून ओल धरते. बॉक्स पलंग असेल तर आठवड्यातून एकदा गादी उभी करून खाली पंखा मारा, फळ्याफळ्यांचा असेल तर उत्तम. चादरी कढत पाण्यात धुवा. उन्हात कापसाची गादी बिनधास्त टाका, काठीने बडवा, पण फोम दिवसभर कडक उन्हात ठेवू नका, पिवळा पडून भुगा होतो, त्याला सावलीतला वारा बरा.

गादी शूने भिजली तर पाणी ओतून धुवायला जाऊ नका (मी गेलेय, चार दिवस ठिबकत होती). जुना टॉवेल दाबून दाबून ओल काढा, खायचा सोडा पसरा, काही तासांनी झाडून पंख्यासमोर उभी करा. काळे ठिपके फक्त कव्हरवर असतील तर कव्हर धुऊन कडकडीत वाळवा. फोमच्या आत गेले असतील तर तो धुऊन निघत नाही, टाकायचा. आम्ही जेमतेम तीन महिन्यांची गादी टाकली, जीवावर आलं, पण टाकली.