पहिले कारवानी पिल्लू : राखणीच्या कुत्र्याचे पहिले दीड वर्ष

कारवानी कुत्र्याचे पिल्लू पहिल्यांदाच घरी आणणारा माणूस बहुधा त्याच्या धावण्यावर भाळलेला असतो. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि क्षितिजावर खिळलेली नजर पाहून तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु धावणे हे या जातीला कोणी शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते थांबणे, मागे वळणे आणि एका हाकेसरशी माणसाजवळ येणे. शेतवस्तीची आणि मेंढ्यांची राखण करणारा भरवशाचा कुत्रा हवा असेल, तर पहिल्या दीड वर्षातील बहुतेक मेहनत याच गोष्टींवर खर्च करावी लागते.

सुरुवातीलाच एक बाब निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. या कुत्र्यांचा उपयोग पूर्वी सशांच्या आणि हरणांच्या शिकारीसाठी होत असे. आज तो गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे तिच्यात वन्यप्राण्याला मारणे किंवा पकडणे एवढेच नव्हे, तर कुत्र्यांकरवी त्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. माळावर काळवीट, चिंकारा किंवा ससा दिसताच कुत्रा सोडणे ही हौस नव्हे, तो अपराध आहे. म्हणून येथे कामाचा कुत्रा म्हणजे वस्तीवर जागा राहणारा, खांडाबरोबर, म्हणजे मेंढ्यांच्या कळपाबरोबर, चालणारा, परक्याची चाहूल देणारा आणि बोलावताच परत येणारा कुत्रा असे समजावे.

लातूर, सोलापूर, सांगलीचा जत भाग आणि सीमेपलीकडील विजापूर-बागलकोटचा पट्टा हे या कुत्र्यांचे मूळ प्रदेश होत. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला कॅरव्हान हाउंड म्हणते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब तिची नोंद मुधोळ हाउंड या नावाने करते. कान, शेपटी आणि पायांवर झुपकेदार केस असणाऱ्या प्रकाराला पश्मी म्हणतात. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. पिल्लू कोठूनही आणले, तरी त्याची आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणू नये. कारवानी कुत्री अनोळखी माणसापासून अंतर राखते, त्यात दोष नाही. परंतु जी भीतीने कोपऱ्यात दबते किंवा कारण नसताना अंगावर येते तिची पिल्ले पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने घेऊ नयेत. वेतातील सर्वांत दांडगे पिल्लू निवडण्याचा मोहही टाळावा. खाली बसलेल्या माणसाकडे आपण होऊन येणारे, टाळीने दचकले तरी लगेच सावरणारे पिल्लू शिकवण्यास सोपे जाते. पिल्लाला आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे आणि एकाच वेताची दोन पिल्ले एकदम आणू नयेत, कारण ती माणसापेक्षा एकमेकांचेच अधिक ऐकू लागतात.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाकडे नेऊन लसीकरणाचे आणि जंतनाशकाचे वेळापत्रक लिहून घ्यावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात आणि नंतर तिची मात्रा वेळेवर चालू ठेवावी लागते. मेंढ्यांमध्ये आणि गोठ्यात वावरणाऱ्या पिल्लावर गोचीड चढणारच. गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो, म्हणून रोज सायंकाळी कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात.

आहाराविषयी खेड्यात दोन टोकाच्या समजुती आढळतात. एक अशी की, दूध-भाकरीवर कुत्रा उत्तम पोसतो. दुसरी अशी की, उंच कुत्र्याला कॅल्शियमचे औषध पाजलेच पाहिजे. नुसत्या दूध-भाकरीत वाढत्या शरीरापुरती प्रथिने नसतात, आणि संतुलित खाद्यावर वरून दिलेले कॅल्शियम वाढत्या हाडांना अपायच करते. ज्वारीची भाकरी किंवा भात खुशाल द्यावा, पण त्यासोबत अंडी, उकडलेले मांस किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य हवे, आणि घरगुती आहारच द्यायचा असेल तर त्याचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा आणि शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाऊ घालावे. भरल्या पोटी धावू देऊ नये. या जातीच्या निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडे दिसतात. ती झाकण्यासाठी त्याला चारून लठ्ठ करणे म्हणजे त्याचे सांधे निकामी करणे होय. अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ असल्यामुळे थंडीत त्याला गोणपाटाची जाड घडी आणि आडोसा लागतो, तर उन्हाळ्यात सावली आणि सतत पाणी.

अंग हाताळून घेण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावावी. रोज थोडा वेळ पिल्लाचा पाय उचलून बोटे फाकवावीत, ओठ वर करून दात पाहावेत, कान उलटून पाहावेत आणि त्याने शांतपणे करू दिले की घासभर खाऊ द्यावा. पावसाळ्यानंतर माळावरची कुसळे बोटांच्या बेचक्यांत आणि कानात शिरतात, बाभळीचा काटा तळव्यात मोडतो. अशा वेळी चावल्याशिवाय पाय हातात देणारा कुत्रा असणे किती मोलाचे असते, हे मेंढपाळांना सांगण्याची गरज नाही. याच काळात, म्हणजे साधारण चौदा आठवड्यांच्या आत, पिल्लाला लहान मुले, म्हातारी माणसे, ट्रॅक्टर, एसटीचा आवाज आणि मेंढ्यांचा कळप हे सारे सुरक्षित अंतरावरून, हवे तर कडेवर घेऊन दाखवावे. कारवानी मुळातच संकोची असल्यामुळे या काळात राहिलेली उणीव पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

हाकेची शिकवण पहिल्या दिवशीच सुरू करावी. तिच्यासाठी एक शिट्टी राखून ठेवावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी वाजवू नये. आधी प्रत्येक जेवणाचे ताट खाली ठेवताना, मग अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, मग पिल्लू दुसऱ्या कशात तरी रमलेले असताना ती वाजवावी, आणि ते आले की दर वेळी काहीतरी चविष्ट द्यावे. ‘यू यू’ अशी सर्वसाधारण हाक गावातील कोणीही मारतो, म्हणून तिचा कुत्र्यावर फारसा परिणाम राहत नाही. शिट्टीचा अर्थ मात्र एकच राहू शकतो. एकदा वाजवून पिल्लू आले नाही तर पुन्हा पुन्हा न वाजवता जवळ जाऊन त्याला दोरीने हळूच आपल्याकडे वळवावे. उशिरा आलेल्या पिल्लाला मारणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय, कारण त्याच्या लेखी तो मार पळाल्याबद्दलचा नसून परत आल्याबद्दलचा असतो. बोलावून दर वेळी बांधून टाकणेही तितकेच घातक आहे. बोलवावे, कौतुक करावे आणि दहापैकी आठ वेळा पुन्हा मोकळे सोडावे.

तीन महिन्यांपासून जवळपास वर्षभर उघड्या रानात दहा मीटरची हलकी दोरी लावूनच फिरवावे. या जातीची मान डोक्यापेक्षा रुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो; म्हणून चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा, ओढल्यावर एका मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा वापरावा. मात्र लांब दोरीवर पिल्लाला जोरात सुटू देऊन एकदम झटका बसू देऊ नये, त्याने मानेला इजा होते. पिल्लाने वेग घेण्याआधीच त्याला वळवणे हे दोरी धरणाऱ्याचे काम आहे.

त्यासाठी कुत्र्याचे अंग वाचता आले पाहिजे, आणि माझ्या मते साऱ्या शिकवणीचे मर्म येथेच आहे. नजरेवर धावणारा, म्हणजे वासाऐवजी डोळ्यांनी हेरून पाठलाग करणारा, कुत्रा एकदा सुटला की त्याला हाक जणू ऐकूच येत नाही. परंतु सुटण्यापूर्वी तो काही क्षण ताठ होतो: कान उभारतात, मान लांबते, शेपटी स्थिर होते, कधी पुढचा एक पाय उचललेला राहतो. या क्षणांत वाजलेली शिट्टी त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून पिल्लाने दूरच्या कोंबडीकडे किंवा करडाकडे पाहून अंग ताठ केले की लगेच शिट्टी द्यावी आणि ते वळले की त्या दिवसातील सर्वांत चांगला खाऊ द्यावा. काही महिन्यांनी काही दिसताच आधी मालकाकडे वळून पाहणारा कुत्रा तयार होतो. हा कुत्रा खांडाबरोबर नेता येतो.

मेंढ्यांची ओळख दहा-बारा आठवड्यांच्या वयात, वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडण्याच्या जाळीच्या, बाहेर बसून करून द्यावी. पिल्लाने शांत बसून पाहिले की खाऊ द्यावा, ओढू लागले की काही पावले मागे जावे. पिलावळ असलेल्या मेंढीजवळ मात्र नेऊ नये. तिने एकदा धडक मारली तर पिल्लू कायमचे बुजू शकते. पुढे दोरीवर धरून खांडाच्या मागून चालवावे, आणि वर्षाच्या आत मेंढ्यांमध्ये एकटे सोडू नये. एकदा जरी मेंढी पळाली आणि पिल्लाला तिच्या मागे धावण्याची गोडी लागली, तरी ती सोडवायला महिने लागतात. गावातील पोरांना आणि पाहुण्यांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे की या पिल्लाला गंमत म्हणूनही ‘छू’ म्हणायचे नाही. त्याला मोकाट कुत्र्यांच्या टोळीतही मिसळू देऊ नये, कारण टोळीत पाठलाग लवकर शिकला जातो.

धावण्याची ओढ दाबून टाकणे योग्य नाही. तिला जागा द्यावी. लांब काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून फिरवली की पिल्लू मनापासून धावते, आणि ‘थांब’ व ‘सोड’ हे दोन शब्द ऐन उत्साहात शिकवण्याची संधीही मिळते. चिंधी सोडली की लगेच पुन्हा खेळ सुरू करावा, म्हणजे सोडण्यात तोटा नाही हे त्याला उमजते. वर्षाच्या आत हा खेळ अगदी थोडा वेळ, मऊ जमिनीवर आणि तीव्र वळणे टाळून खेळवावा. कोवळ्या पिल्लाला मोटारसायकलमागे पळवण्याची जी प्रथा अनेक ठिकाणी दिसते, ती पूर्णपणे बंद व्हायला हवी. हाडांची वाढ पूर्ण होण्यास वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि तापलेल्या डांबरावर सक्तीने धावलेल्या पिल्लाचे सांधे व तळवे दोन्ही बिघडतात.

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान चांगले शिकलेले पिल्लूही हाक ऐकेनासे होते. तेव्हा निराश होऊन मारझोड न करता पुन्हा दोरी लावावी, अंतर कमी करावे आणि सोप्या धड्यांपासून सुरुवात करावी. याच वयात नसबंदीचा किंवा जखमेला टाके घालण्याचा प्रसंग आल्यास भूल देण्यापूर्वी ही नजरेवर धावणारी, चरबी कमी असलेली जात असल्याचे पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे; ग्रेहाउंडच्या वर्गातील कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतो.

रात्रीची राखण वर्षानंतरच आणि सुरुवातीला माणसाबरोबरच सुरू करावी. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर होतो आणि रात्री प्रत्येक आवाजावर भुंकतो, त्यामुळे त्याच्या भुंकण्याला अर्थ उरत नाही. झोपण्यापूर्वी बांधाबांधाने त्याच्यासह एक फेरी मारावी. तो भुंकला की उठून बॅटरी घेऊन जावे, कारण पाहावे, शिट्टीने त्याला जवळ बोलावून शाबासकी द्यावी आणि परत फिरावे. मालक उठलाच नाही तर कुत्रा स्वतःच अंधारात पुढे जाऊ लागतो, आणि मग विहिरीत पडणे, रानडुकराच्या सुळ्याने फाटणे किंवा वाहनाखाली येणे हे धोके वाढतात. दिवसाढवळ्या मेंढी पळताना पाहूनही जो एका शिट्टीत परत येतो, आणि असे सलग काही आठवडे घडले आहे, त्याच कुत्र्याची दोरी रात्री काढावी. तोपर्यंत अठरा महिने उलटून गेले तरी ती राहू द्यावी.