नवीन शहर, भाड्याचं घर आणि पहिल्या तीन महिन्यांचा हिशोब

नोकरी बदलली, बदली झाली, शिकायला जायचंय, कारण काहीही असो, नवीन शहरात जायचं ठरलं की सगळे आधी एकच विचारतात, तिकडे भाडं किती आहे. प्रश्न बरोबर आहे पण अपुरा आहे. भाडं व्यवस्थित परवडत असूनही लोक दुसऱ्या महिन्यात उसने मागत फिरतात, कारण पैसे लागतात एका तारखेला आणि येतात दुसऱ्याच तारखेला. नव्या घराचं डिपॉझिट आज द्यायचंय, जुन्या घराचं परत मिळणार महिन्या-दोन महिन्यांनी, पगार त्याच्या मध्ये कुठेतरी, आणि विजेचं बिल अजून आलेलंच नसतं म्हणून ते पैसे आपल्याला शिल्लक वाटतात. म्हणून वहीत म्हणा किंवा मोबाईलच्या शीटमध्ये म्हणा, तीन रकाने करा: काय, किती, आणि कुठल्या तारखेला. तिसरा रकाना बहुतेक जण करतच नाहीत आणि खरी मजा तिथेच असते.

खाली कुठल्याच चलनातले आकडे देत नाहीये, कारण प्रत्येकाचा पगार वेगळा, गाव वेगळं. तुमच्या हातात दरमहा जेवढे येतात ते 100 धरा. हातात म्हणजे हातात हं, ऑफर लेटरवरचा आकडा नाही, टॅक्स आणि बाकीच्या कपाती जाऊन बँकेत जे पडतं ते.

आता भाडं किती असावं? तुम्ही 30 टक्क्यांचा नियम ऐकला असेल. हा आकडा काही निसर्गनियम नाही, अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून भाडं किती घ्यायचं याची मर्यादा 1969 मध्ये उत्पन्नाच्या 25 टक्के ठरली, 1981 मध्ये ती 30 केली, आणि पुढे तोच आकडा जगभर सल्ला म्हणून फिरायला लागला. सुरुवात करायला ठीक आहे. पण ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे त्याला 30 पण जड जातील आणि ज्याला काहीच देणं नाही तो ऑफिसच्या जवळ राहायला 38 देऊनही मजेत राहील. माझं मत विचाराल तर भाडं एकटं मोजूच नका, भाडं अधिक मेंटेनन्स अधिक वीज-पाणी-गॅस-इंटरनेट अधिक रोजचा प्रवास, ही सगळी बेरीज 45 च्या आत बसते का ते बघा.

प्रवास यात मुद्दाम धरलाय. समजा जवळच्या घराचं भाडं 32 आणि जाण्यायेण्याचा खर्च 3, लांबच्या घराचं भाडं 24 आणि प्रवास 9. म्हणजे 35 विरुद्ध 33, भाड्यात 8 वाचले असं वाटतं पण खरे वाचले 2. वर रोजचा दीड तास जास्त धरला तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 33 तास गेले, म्हणजे ऑफिसचे चार दिवस तुम्ही महिन्याला रस्त्यावर फुकट काढताय. कुणाला ते चालतं, प्रवासात वाचन होतं, झोप होते, पण हिशोब करून मग ठरवा. आणि हो, काही देशांत भाडं आठवड्याचं सांगतात, त्याला 4 ने गुणून महिन्याचं भाडं काढू नका. 52 ने गुणा आणि 12 ने भागा. 4 ने गुणलं की वर्षातले चार आठवडे हिशोबातून गळतात, म्हणजे जवळपास एक महिनाच.

आता तारखांकडे येऊ. घर बदलतानाचा खर्च एकदम अंगावर येतो, त्याचं उदाहरण घ्या, आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. नवं भाडं 30. डिपॉझिट दोन महिन्यांचं, 60. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, 30. मध्ये ब्रोकर असेल तर त्याचे समजा 30. सामान हलवायचे 15. जुनं घर नोटिस पिरियडमुळे अजून पंधरा दिवस तुमच्याच नावावर, त्याचं अर्धं भाडं 12. झाले 147. दीड पगार, आणि अजून पडदे, बल्ब, बादल्या, गादी, कुलूप यातलं काहीच घेतलेलं नाही (ह्या किरकोळ गोष्टी एकेक करून सहज 10-15 खातात, त्यातल्या निम्म्या पहिल्या दिवशी लागतही नाहीत, तेव्हा घरात राहायला लागल्यावरच घ्या). यातले 60 कधीतरी परत येणार हे खरं पण आज ते तुमचे नाहीत, आणि जुनं डिपॉझिट परत मिळेपर्यंत ते मिळालंय असं धरायचं नाही. मिळालं की बोनस.

नवीन नोकरी असेल तर एचआरला एक प्रश्न नक्की विचारा, पहिला पगार नेमका कधी पडेल. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या मध्यावर कुठेतरी पेरोल, म्हणजे त्या महिन्याच्या पगाराची यादी, बंद होतो, त्यानंतर जॉइन झालात तर त्या महिन्याचे पैसे पुढच्या पगारात येतात, म्हणजे सहा-सात आठवडे हातात काही नाही. हे आधी कळलं तर जॉइनिंगची तारीख थोडी मागेपुढे करून घेता येते. नंतर कळलं तर काही करता येत नाही.

त्यामुळे निघण्याआधी हाताशी किती हवेत? घर बदलण्याचा वरचा सगळा खर्च, अधिक पहिला पगार येईपर्यंतचं खाणंपिणं आणि प्रवास, अधिक दुसऱ्या महिन्याचं भाडं. एवढे नसतील तर घाईने मोठं घर घेण्यापेक्षा महिनाभर पेइंग गेस्ट किंवा ओळखीच्या कुणाकडे शेअरिंगमध्ये राहिलेलं बरं. शिवाय तेवढ्यात शहर कळतं, कुठल्या भागात पाणी वेळेवर येतं, रात्री रिक्षा-बस मिळते का, हे फोटो बघून कळत नसतं. आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय, समोरच्याला ते भाड्याने द्यायचा अधिकार आहे याची खात्री केल्याशिवाय टोकन पाठवायचं नाही, मग समोरचा कितीही म्हणो की दुसरी पार्टी दारात उभी आहे.

वीज. सगळ्यात जास्त अंदाज इथे चुकतो. आधीच्या भाडेकरूने किंवा घरमालकाने सांगितलेला सरासरी आकडा घेऊन उपयोग नाही, मागच्या वर्षभरातलं सगळ्यात गरम महिन्याचं एक आणि सगळ्यात थंड महिन्याचं एक अशी दोन बिलं बघायला मागा, आणि बजेटमध्ये मोठं धरा. एक युनिट म्हणजे 1000 वॅटची वस्तू एक तास चालवली तर लागते तेवढी वीज, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी गणित सोपं आहे. 75 वॅटचा पंखा दहा तास फिरला तर पाऊण युनिट. 15 लिटर पाणी 20 डिग्रीवरून 50 डिग्रीला तापवायला साधारण अर्धा युनिट. 2000 वॅटचा हीटर तीन तास लावला की 6 युनिट, आणि तेवढ्याच 6 युनिटमध्ये 9 वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास लावला तरी चार महिन्यांहून जास्त चालतो. तेव्हा दिवा चालू राहिला म्हणून रूममेटशी भांडणाऱ्यांनी आधी गीझर आणि एसीकडे बघावं, बिल तिथे बनतं.

अजून दोन गोष्टी. एक, बिलात फिक्स्ड चार्ज असतो, तुम्ही महिनाभर घराला कुलूप लावून गेलात तरी तो येतोच. दोन, बऱ्याच ठिकाणी दर स्लॅबने वाढतो, पहिले काही युनिट स्वस्त आणि पुढचे महाग. म्हणून एकाच मीटरवर दोन-तीन भाडेकरू असतील तर सगळ्यांचे युनिट मिळून महागड्या स्लॅबमध्ये जातात आणि तुमचा वापर कमी असून दर जास्तीचा पडतो. घरात सबमीटर (मुख्य मीटरच्या पुढे फक्त तुमचा वापर मोजणारा वेगळा मीटर) असेल तर घरमालक युनिटला काय दर लावतो ते आधी विचारा आणि शक्यतो लिहून घ्या, "बिलाप्रमाणे बघू" हे उत्तर चालणार नाही.

चावी मिळाली की सामान आत टाकायच्या आधी सगळ्या मीटरचे फोटो काढा, वीज, पाणी, गॅस, जे असेल ते, आकडा स्पष्ट दिसेल असे, आणि लगेच घरमालकाला पाठवून द्या म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. मागची थकबाकी शून्य आहे हेही शेवटच्या बिलावरून तपासा. मग भिंतीवरची ओल, फुटकी फरशी, न चालणारा नळ, सगळ्याचे फोटो. पाण्याच्या मीटरची एक सोपी परीक्षा आहे, सगळे नळ बंद करा आणि मीटरचा काटा बघा, तरीही फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि तिचं बिल तुम्ही भरणार. पहिली काही बिलं रीडिंग न घेता अंदाजाने पाठवलेली असू शकतात, त्यामुळे बिलावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळवून बघायची सवय ठेवा. नाहीतर दोन-तीन महिने छान कमी बिल येतं आणि मग राहिलेले सगळे युनिट एकाच बिलात.

इंटरनेटचं फारसं सांगण्यासारखं नाही, फक्त ऑफरचा दर किती महिने आहे आणि नंतर काय होतो एवढं विचारा, आणि जेवढा काळ घराचा भरवसा आहे त्यापेक्षा लांबचा प्लॅन घेऊ नका.

ॲग्रीमेंट वाचा. कंटाळा येतो माहितीये, पण निदान चार ओळी शोधून वाचा: नोटिस किती दिवसांची, लॉक-इन (घर सोडता येत नाही असा ठरलेला काळ) आहे का आणि मध्येच सोडलं तर काय, डिपॉझिट किती दिवसांत आणि काय काय कापून परत, भाडंवाढ किती. भाडंवाढीचं टक्क्यात लिहिलेलं असतं म्हणून लहान वाटतं. दर वर्षी 10 टक्के वाढ असेल तर तीन वाढींनंतर भाडं 30 नाही तर 33.1 टक्क्यांनी वाढलेलं असतं, कारण दर वेळी वाढ वाढलेल्या भाड्यावर होते. मेंटेनन्स, मोठी दुरुस्ती, कर यातलं कोण काय भरणार हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या, तोंडी बोलणं सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

शेअरिंगमध्ये राहणार असाल तर भाडं सरसकट समान वाटायची गरज नाही, मोठी खोली किंवा वेगळं बाथरूम असणाऱ्याने जास्त द्यावं, बिलं मात्र समान ठेवा, फार बारीक हिशोब करत बसलात तर मैत्री जाते. ॲग्रीमेंटवर सगळ्यांची नावं घाला. एकट्याच्या नावावर असेल आणि बाकीचे दोघं निघून गेले तर घरमालक पूर्ण भाडं त्या एकट्याकडेच मागणार. कुणी मध्येच सोडलं तर त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत त्याचा वाटा कोण भरेल, हे राहायला जाण्याआधीच बोलून घ्या. हा विषय काढायला अवघड वाटतो, पण नंतर काढणं त्याहून अवघड असतं.

आता महिन्याचं चक्र. भाड्याची तारीख पगाराच्या लगेच नंतरची मागून घ्या, बहुतेक घरमालकांची हरकत नसते. दर महिन्याला न येणारी बिलं, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी येणारं पाण्याचं, वर्षाचा विमा, ॲग्रीमेंट रिन्यू करायचा खर्च, यांची वर्षाची बेरीज करा, 12 ने भागा आणि तेवढी रक्कम पगार झाला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. विजेचंही तसंच, पहिलं बिल यायच्या आधीपासून अंदाजाची रक्कम बाजूला काढा, कारण वापर पहिल्या दिवसापासून चालू असतो, बिल तेवढं उशिरा येतं.

पहिले तीन महिने फार काटकसर करायला जाऊ नका, फक्त लिहा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी अंदाज आणि खरा खर्च शेजारी शेजारी ठेवा आणि जिथे सगळ्यात मोठा फरक आहे ती एकच गोष्ट आधी पकडा, बहुतेक वेळा ती वीज, बाहेरचं खाणं किंवा प्रवास यापैकी असते. आणि बेरीज 45 च्या फार वर जात असेल तर लॉक-इन कधी संपतंय ते कॅलेंडरवर टाकून नोटिसची तारीख मागे मोजून आत्ताच लिहून ठेवा.