कमी मिठातला मटण रस्सा

अर्धा किलो मटणाचा रस्सा, चार जणांसाठी, अर्धा चहाचा चमचा मिठात (साधारण ३ ग्रॅम) उत्तम होतो. पण आधी छुपं मीठ हुडकून काढा. विकतचा कांदा-लसूण मसाला आणि आलं-लसूण पेस्ट, दोन्हींत मीठ असतं, बहुतेक आमसुलांतही. त्याऐवजी बेडगी मिरची, धणे, लवंग, दालचिनी भाजून ताजा मसाला कुटा. तो थोडाच करा, कारण कुटलेल्या मसाल्याचा वास हळूहळू उडतो.

मटणाला हळद, वाटलेलं आलं-लसूण आणि दोन चमचे दही लावून दोन तास मुरवा. मीठ नसलं की कांद्याला लवकर पाणी सुटत नाही. आच वाढवलीत तर कडा करपून रस्सा कडवट होतो; मंद आचेवर, मधूनमधून पाण्याचा हबका मारत परता. सुकं खोबरं मात्र गडद तांबूस होईतो भाजा. मिठाची उणीव सर्वांत जास्त तेच भरून काढतं.

मीठ अगदी शेवटी, रस्सा हवा तितका आटल्यावर घाला. पातळ रस्सा चाखून घातलं की हात सैल सुटतो. वाढताना लिंबू पिळा.

‘लो-सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.