टाउनी सर्व्हरवर मेयर टिकत नाही? मग हे करून बघा

आमचा माइनक्राफ्ट सर्व्हर छोटासाच आहे, त्यावर टाउनी हे प्लगिन (गेमला जोडायची भर, तिने खेळाडू स्वतःची टाउन वसवतात आणि मेयर ती चालवतो), वीसेक जण, बहुतेक पुण्या-नाशिककडचे आणि दोघं परदेशात शिकणारे. तिसऱ्या सीझनला सगळ्यात मोठ्या टाउनचा जो मेयर होता त्याने 19व्या दिवशी डिस्कॉर्डवर (आमचं गप्पांचं ॲप) "बास झालं, मला नको हे" एवढंच लिहिलं आणि गायब. नंतर फोनवर बोललो तर म्हणे अरे तीन आठवड्यांत मी एक डायमंड खणलेला नाही, लॉगिन केलं की एक म्हणतो प्लॉट दे, दुसरा म्हणतो शेजाऱ्याने माझं कुंपण तोडलं, तिसरा म्हणतो टॅक्स का कापला, हे मला सोसायटीचा सेक्रेटरी असताना फुकट मिळतंच की.

बरोबर होतं त्याचं. आम्ही मेयरला काम दिलं होतं आणि मजा सगळी ॲडमिनने, म्हणजे मी, स्वतःकडे ठेवली होती. पुढच्या दोन सीझनला बरेच बदल केले, काही फसले काही जमले, ते सांगतो. हे टाउनी प्लगिनबद्दल आहे पण दुसऱ्या गेममध्येही बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी मेयरच्या डोक्यावरचा कारकुनी भार काढा. बक्षीस वगैरे नंतर. टाउनीत डीफॉल्टला जमीन 16 बाय 16 ब्लॉकच्या चौकोनांत मिळते, म्हणजे एक चंक, आणि टाउनमधला प्रत्येक चौकोन कोणाला विकायचा, दुकान करायचं की दूतावास (बाहेरच्या टाउनवाल्याला घेता येणारा प्लॉट), हे मेयरला करावं लागतं. पण लागतंच असं नाही ना! टाउन रँक ॲड ही कमांड आहे (कमांड अर्थात इंग्रजीतच टाइप करायची), तिने असिस्टंट नेमता येतो, आणि टाउनीपर्म्स नावाच्या फाइलमध्ये ॲडमिनला नवीन रँकसुद्धा बनवता येतात. आम्ही दोन बनवल्या. तलाठी, ज्याला फक्त प्लॉट विकायला लावायचे आणि परत घ्यायचे अधिकार. आणि कोतवाल, ज्याला बाहेरच्या माणसाला आउटलॉ, म्हणजे टाउनला नकोसा, ठरवता येतं, तुरुंगाचा प्लॉट बघायचा, बस. पैशाला दोघांनाही हात लावता येत नाही. नावं गमतीत ठेवली पण लोकांना तीच आवडली, तलाठ्याला चहापाणी द्या म्हणून रोज कोणीतरी कलिंगडं आणून टाकायचं. मेयरकडे यायच्या तक्रारी दोन दिवसांत निम्म्याच्या खाली आल्या.

आता अधिकाराचं. आपल्याकडे महानगरपालिकेत महापौर असतो बघा, अडीच वर्षांची मुदत, मान मोठा, उद्घाटनं सगळी त्याच्या हातून, पण कारभाराची खरी सूत्रं आयुक्ताकडे. बहुतेक सर्व्हरवर नेमकं हेच होतं, मेयरच्या नावापुढे रंगीत टायटल आणि आयुक्त म्हणजे ॲडमिन. कोणी भांडला की थेट ॲडमिनला मेसेज, ॲडमिन मेयरला न विचारता निकाल देऊन मोकळा. हे एकदा झालं ना की त्या टाउनमध्ये मेयरचं कोणी ऐकत नाही. मी नियमच केला की टाउनच्या हद्दीतलं भांडण माझ्याकडे आलं तर माझं उत्तर एकच, "मेयरकडे जा". चीटिंग, शिवीगाळ आणि डुप्लिकेशन (गेममधल्या चुकीचा फायदा घेऊन वस्तू दुप्पट करणं) सोडून. पहिले काही दिवस लोकांनी मला आळशी म्हटलं, म्हणू दे.

पगार देऊ का, असं मला दोन-तीन ॲडमिन मित्रांनी विचारलंय. माझं मत, खिशात पगार नको. आम्ही दिला होता, रोज 200 कॉइन, मेयरने शांतपणे जमवले, नेदराइटचा (गेममधलं सगळ्यात भारी चिलखत-हत्यार) सेट घेतला आणि लोक म्हणायला लागले की आमचा टॅक्स खातोय, पैसे सर्व्हरचे होते हे कोणाला पटेना. त्यापेक्षा मेयरला *वाटायला* काहीतरी द्या. मेयर असण्यातली खरी चव तिथे आहे, नवीन पोरगा आला की "जा, नदीकाठचा प्लॉट तुझा" म्हणता येणं, कोणी छान पूल बांधला की टाउनच्या खात्यातून त्याला हजार कॉइन देता येणं. आमच्याकडे आता दर रविवारी टाउनच्या बँकेत एक ठरावीक रक्कम विकासनिधी म्हणून जाते आणि ती कशावर खर्च करायची ते मेयरने ठरवायचं, मला विचारायचं नाही. फक्त टाउन बँकहिस्ट्री ही कमांड मारली की देण्याघेण्याचा हिशोब पुस्तकासारखा उघडतो, तो आठवड्यातून एकदा डिस्कॉर्डवर टाकायचा. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब फळ्यावर लावतात तसं. त्याने मेयरवरचा संशय पण जातो.

टॅक्सचा मुद्दा इथेच घेतो. मेयर स्वतःचे टॅक्स ठरवू शकतो, रहिवाशांवर वेगळा, साध्या प्लॉटवर वेगळा, दुकानावर वेगळा, आणि ठरावीक रकमेऐवजी टक्केवारीत पण घेता येतो. नवीन मेयर हमखास एक चूक करतो, सगळ्यांवर एकच मोठा टॅक्स. मग जो पोरगा चार दिवस आला नाही आणि खात्यात पैसे नाहीत त्याला टाउनी सरळ टाउनमधून काढून टाकतं, तो परत येऊन बघतो तर घर हातातून गेलेलं, आणि शिव्या मेयरला. म्हणून माणशी टॅक्स नावापुरता ठेवा आणि दुकानांवर जास्त, कारण दुकानवाला कमावतोय. आणि अपकीप, म्हणजे टाउन चालवायचा रोजचा खर्च, तो ॲडमिनने इतका ठेवावा की आठवडाभर कोणी आलं नाही तरी टाउन बुडू नये. कॉन्फिगमध्ये, म्हणजे प्लगिनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, बँकरप्सीचा (दिवाळखोरीचा) पर्याय आहे तो चालू करा, मग पैसे संपल्यावर टाउन लगेच उडत नाही, कर्जात जातं आणि नवीन जमीन घेणं बंद होतं. मेयरला झोप लागते.

मानपानाला हसू नका, तो फुकट मिळतो आणि चालतो. टाउनीत लोकसंख्येप्रमाणे टाउनची आणि मेयरची पदवी आपोआप बदलते, डीफॉल्टला एकटा असला तर हर्मिट, 2 जण झाले की चीफ, 6 ला बॅरन, 10 ला व्हायकाउंट, असं करत 28 ला मेट्रोपोलिस आणि लॉर्ड. आता बॅरन ऐकून आमच्यात कोणाला काय वाटणार! कॉन्फिगमध्ये जाऊन सगळं बदललं, वस्ती, वाडी, गाव, कसबा, शहर, आणि मेयर आधी पाटील, मग सरपंच, मग नगराध्यक्ष. रोमन लिपीतच लिहिलं कारण गेममध्ये आमची जोडाक्षरं फुटून दिसत होती. आणि आकडे खाली आणले, वीस जणांच्या सर्व्हरवर 28 चा टप्पा म्हणजे चंद्रच. चॅटमध्ये नावाआधी "पाटील" लागल्यावर एकाने टाउन हॉलच्या बाहेर पार बांधला, पिंपळ म्हणून ओकचं झाड लावलं आणि तिथे बसून निवाडे द्यायला लागला, हे मी सांगितलं नव्हतं. डायनमॅप (सर्व्हरचा नकाशा ब्राउझरमध्ये दाखवणारं प्लगिन) असेल तर टाउनचा नकाशावरचा रंग मेयरला निवडू द्या, साधी गोष्ट आहे पण त्यावरून दोन मेयरांमध्ये भगव्यासाठी तासभर वाद झाला.

ही मेयरची नशा काही माइनक्राफ्टने शोधलेली नाही. स्टार वॉर्स गॅलक्सीज म्हणून एक ऑनलाइन गेम होता, 2003 मध्ये आला आणि डिसेंबर 2011 मध्ये बंद झाला, त्यात खेळाडू स्वतःची शहरं वसवायचे आणि मेयरसाठी पॉलिटिशियन हा वेगळा पेशाच होता. लढाईला शून्य उपयोग, तरी लोक घ्यायचे. का, तर शहर वाढलं की मेयरला शटलपोर्ट बसवता यायचा आणि मग बाहेरचे लोक थेट तुमच्या गावात उतरायचे. तेच आम्ही उचललं, टाउन गाव झालं की बाजारापासून तिथपर्यंत फुकट टेलिपोर्ट. दुकानं चालतात, श्रेय मेयरला.

बोनसबाबत मात्र सांभाळून. आम्ही आधी रहिवाशांच्या संख्येवर जादा जमीन देत होतो, ॲडमिनला टाउनी ॲडमिन गिव्हबोनसने देता येते, तर एका महाभागाने भाऊ, बहीण, आईचं अकाउंट असे 6 जण टाउनमध्ये भरले, आईला माउसपण धरता येत नव्हता. त्यानंतर संख्या मोजणं बंद, महिन्यातून एकदा दुसऱ्या टाउनचे लोक फिरून बघतात, काय नवीन बांधलं, दुकानं उघडी आहेत का, नवीन माणसाला कोणी मदत केली का, आणि मत देतात. यात पण लॉबिंग होतं, पण निदान लॉबिंग करायला माणसं लागतात.

मुदत ठेवा. टाउनीत निवडणूक नसते, मेयर म्हणजे ज्याने टाउन काढलं तो, जोपर्यंत स्वतः टाउन सेट मेयर करून दुसऱ्याला देत नाही तोपर्यंत. तहहयात पद ऐकायला भारी पण तेच माणसाला जाळतं. आम्ही 30 दिवस ठेवले, डिस्कॉर्डवर मतदान, तोच परत उभा राहू शकतो. उतरलेल्या मेयरचं नाव टाउन हॉलच्या भिंतीवर साइनवर, आणि त्याचा प्लॉट कायमचा त्याचा, नवीन मेयरला हिसकावता येत नाही. हे शेवटचं आधी जाहीर करा, नाहीतर कोणी खुर्ची सोडत नाही.

आणि फेब्रुवारी-मार्च. बारावीवाले असतील तर मेयर जाणारच, आई राउटर काढून ठेवते. त्याआधीच असिस्टंटकडे चार्ज द्यायला लावा, टाउनच्या बोर्डवर लिहायला लावा की पाटील परीक्षेला गेले आहेत, आणि टाउनच्या बँकेत दोन महिन्यांचा अपकीप ॲडमिनने गुपचूप टाकून ठेवा. मागच्या वर्षी आमचा एक मेयर शेवटचा पेपर देऊन दुपारीच लॉगिन झाला, टाउन जागेवर होतं, पारावर लोकांनी त्याच्यासाठी केक ठेवला होता आणि तलाठ्याने तेवढ्यात 3 प्लॉट विकले होते.