वाइल्डकार्डने नेस्टेड (एकात एक बसलेली) फील्ड निवडताना या चुका टाळा

यवतमाळ-वाशिमकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा डेटा साधारण असा असतो: प्रत्येक सभासदाखाली नाव, आधार, बँक, वारस आणि `वावरं` ही यादी, प्रत्येक वावराखाली गट, क्षेत्र, पीक. जिनिंगवाल्यांना फक्त पीक पाठवायचं म्हणून प्रत्येक सभासदाच्या नोंदीवर `वावरं.*.पीक` असा पॅटर्न लिहितात; यातला `*` हा वाइल्डकार्ड, म्हणजे यादीतला कोणताही क्रमांक. तो चुकला तरी एरर येत नाही, म्हणूनच जपायला हवं.

हा पॅटर्न जसाच्या तसा रेगेक्सला (मजकूर शोधायच्या सूत्राला) देऊ नका. तिथे टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, आणि शेवट बांधलेला नसल्याने `पीकविमा`सुद्धा सापडतो. बरोबर रूप: `^वावरं\.[^.]+\.पीक$`, यात `[^.]+` म्हणजे टिंब सोडून एक किंवा जास्त अक्षरं. कितीही पातळ्यांसाठीचा `**` आणि एका पातळीचा `*` एकाच रिप्लेसमध्ये बदला, `**` आधी तपासून. नाहीतर `**` चं `[^.]+[^.]+` होतं. त्याला किमान दोन अक्षरं लागतात, म्हणून यादीतल्या एक अंकी क्रमांकाच्या (० ते ९) पहिल्या दहा नोंदी गळतात आणि अकरावीपासून सगळं ठीक दिसतं. `[^.]` ऐवजी बॅकस्लॅश-डब्ल्यूही (`\w`, अक्षर-अंकांसाठीची खूण) नको, जावास्क्रिप्टमध्ये त्याला देवनागरी अक्षरं कळतच नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती `शेतकऱ्याचे नाव` ही की (फील्डचं नाव). यातला ‘ऱ्या’ काही कीबोर्डवर ऱ + हलन्त + य असा उमटतो, काहींवर र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) + य असा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण तुलना केली की वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोड अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणायची पद्धत) हे दोन एक होत नाहीत. नुसता झेडडब्ल्यूजे काढला तर ‘र्या’ उरतो. त्यामुळे ‘र + हलन्त + झेडडब्ल्यूजे’ च्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला, मग एनएफसी चालवा. की आणि पॅटर्न दोन्हींवर.

एक्सेलमधून आलेल्या `क्षेत्र (हे.)` सारख्या कीमध्ये टिंब असतं. पाथ (फील्डपर्यंतची वाट) टिंबांनी जोडून स्ट्रिंग बनवण्यापेक्षा तुकड्यांची ॲरे ठेवून तुकड्याला तुकडा जुळवा. आत उतरण्याआधी नल (`null`, रिकामं मूल्य) तपासा. जावास्क्रिप्ट त्यालाही ऑब्जेक्टच म्हणतं.

वगळायच्या फील्डची यादी मात्र करू नका, पाठवायच्या फील्डची करा. `सभासद.*.आधार` वगळलं तरी `सभासद.*.वारस.*.आधार` बाहेर जातोच, आणि उद्या जामीनदार वाढवला की त्याचाही. लोकांनी कंपनीच्या भरवशावर दिलेला नंबर आहे तो. शिवाय जावास्क्रिप्टच्या स्प्रेडने (`...`) केलेली कॉपी वरच्याच पातळीची असते. तिच्या आतलं फील्ड डिलीट केलं की मूळ नोंदीतूनही जातं. म्हणून रिकामा ऑब्जेक्ट घ्या आणि जुळलेली फील्डच त्यात भरा.