जुन्या कौटुंबिक फोटोतील माणसे आणि घर ओळखताना या चुका टाळा

ठाण्यात जुने घर पाडून इमारत उभी करायचे ठरले, की माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि तिच्यातून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखादा समूहफोटो निघतो. पुढच्या दोन दिवसांत त्यातल्या प्रत्येकाला नाव मिळालेले असते, आणि त्यातली बरीच नावे चुकीची असतात. असे फोटो घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एवढेच सांगतो, की नाव सर्वांत शेवटी लिहावे. त्याआधी फोटो कधीचा, कोणत्या प्रसंगाचा आणि सुलटा आहे की उलटा, हे ठरवावे. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो, कारण त्यांना येत्या रविवारच्या कुटुंबमेळाव्याआधी सगळी नावे हवी असतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वृद्ध नातेवाइकांपुढे फोटो धरून “आत्या, हे नाना आजोबाच ना?” असे विचारणे. आत्या चष्मा पुसते, भाच्याचा उत्साह पाहते आणि “असतील रे” म्हणते. संध्याकाळपर्यंत त्या “असतील”चे “आत्याने ओळखले” असे झालेले असते, आणि फोटोवर लाल बाण काढून ते नाव कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरू लागते. पुढे पुण्याचे काका आणि डोंबिवलीची मावशी तेच नाव सांगतात, तेव्हा तीन साक्षीदार मिळाल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात तिघांचीही साक्ष त्या एका बाणातून आलेली असते. मी नावे नसलेली मोठी प्रत हातात देतो आणि गप्प बसतो. ज्येष्ठांची नजर पुष्कळदा चेहऱ्याआधी ओळखीच्या वस्तूवर जाते, म्हणजे खुर्चीच्या कोरीव पाठीवर किंवा बाळाच्या हातातल्या बिंदल्यांवर, आणि त्या बिंदल्या कोणी केल्या होत्या हे सांगता सांगता बाळाच्या आईचे नाव निघते. प्रत्येकाला एकेकटे गाठावे, कारण दोघी बहिणी शेजारी बसल्या की थोरली बोलते आणि धाकटी मान हलवते. “अण्णा” एवढ्यावर तर कधीच थांबू नये. आजोबांचे नाव नातवाला, लग्नात बायकोचे नाव बदललेले, पहिली पत्नी वारल्यावर दुसरी आलेली आणि एखादा मुलगा दत्तक गेलेला, असा प्रकार आपल्या घरांत सर्रास असल्यामुळे कोण कोणाचे कोण, हे प्रत्येक नावापुढे विचारावेच लागते.

दुसरी चूक घराची. ठाण्याच्या चरई भागातील एका कुटुंबाकडे मुंजीचा फोटो होता: मागे कौलारू दुमजली घर, एका बाजूला विहिरीचा रहाट, दुसऱ्या बाजूला माडीचा जिना, आणि पुढे बटूला मध्ये घेऊन बसलेली मंडळी. कुटुंबाच्या जुन्या घरात लहानाच्या मोठ्या झालेल्या काकू सांगत, की हे तेच घर, आणि अंगणातून घराकडे पाहिले असता विहीर उजव्या हाताला होती. फोटोत ती डावीकडे दिसत होती. तेव्हा काकूंना आता आठवत नाही असे ठरवून घरच्यांनी ते घर आजींचे अलिबागचे माहेर असल्याचा निर्णय दिला आणि छापील कुलवृत्तांतात तशी ओळही घातली. फोटो माझ्याकडे आला तेव्हा मी घराआधी बटूकडे पाहिले. त्याचे जानवे उजव्या खांद्यावर होते. मुंजीसारख्या मंगलकार्यात जानवे सव्य, म्हणजे डाव्या खांद्यावर असते. अपसव्य करतात ते पितृकार्यात. मागे उभ्या असलेल्या पुरुषांच्या कोटांचे छातीवरचे खिसेही उजवीकडेच होते. काचेची प्लेट किंवा फिल्म उलट बाजूने ठेवून प्रत काढली, की डावे-उजवे असे बदलते. संगणकावर फोटो आडवा उलटवला आणि विहीर काकूंच्या सांगण्याप्रमाणे उजवीकडे आली. पुढे विकसकाशी झालेल्या कराराच्या फायलीत जुन्या जागेचा नकाशा सापडला, त्यातही ती तेथेच होती. कुलवृत्तांताच्या प्रती तोवर वाटून झाल्या होत्या. काकूंची कोणी क्षमा मागितल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा कोणतेही घर नाकारण्यापूर्वी जानवे, कोटाचा खिसा आणि कुठे पाटी असल्यास तिची अक्षरे तपासावीत.

मागे संगमरवरी जिना आणि कमानी दिसल्या म्हणून आपला वाडा होता असे समजू नये. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्याची खालची कड सतरंजीला कुठे टेकते ते भिंगाने पाहावे.

पांढरे लुगडे दिसले की ती बाई विधवा, हा निष्कर्षही घाईचा आहे. जुन्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा अतिशय उजळ उमटे, त्यामुळे आकाशी लुगडे पांढरट येते आणि कुंकू काळे येते. शिवाय ब्राह्मण घरांतील विधवांचे आलवण, म्हणजे त्यांचे लुगडे, तांबडे असे, म्हणजे अशा फोटोत ते गडदच दिसणार. सर्व रंग टिपणारी फिल्म १९३०च्या दशकापासून हळूहळू रुळली, हे लक्षात ठेवावे.

फोटोमागच्या सनाकडेही नीट पाहावे. ठाण्याला रेल्वे १८५३ साली आली, आणि आमच्या पणजोबांचा फोटो तिच्याही आधीचा, असे एक गृहस्थ अभिमानाने सांगत असत, कारण मागे १८४९ लिहिले होते. पणजोबांच्या मनगटावर घड्याळ होते. आकड्याआधीचे पुसट “शके” कोणी वाचलेच नव्हते; शकात ७८ आणि जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे तो फोटो १९२७-२८चा.

गांधी टोपी दिसली तर फोटो साधारण १९२०नंतरचा, एवढेच म्हणता येते. वृद्ध माणसे तरुणपणीचाच पेहराव चालू ठेवतात, म्हणून काळ ठरवताना तरुण सुनांकडे आणि मुलांकडे पाहावे.

चेहरा स्पष्ट करून देणाऱ्या ॲपबद्दल माझे मत कडक आहे. ते जे डोळे आणि दात काढून देते, ते त्या माणसाचे नसतात, आणि तशा चेहऱ्यावरून साम्य शोधणे म्हणजे पूर्ण वेळ वाया घालवणे होय. मूळ फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा, ती फाइल तशीच ठेवावी आणि मोठे करून पाहायला बसावे. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी फोटो ट्रंकेत परत ठेवलेला बरा.

ठाण्याच्या पावसाळी दमटपणाने फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावा. मागे बॉलपेनने लिहू नये, कारण दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. मऊ शिसपेन्सिलीने कडेला हलकेच लिहावे. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसल्यास चिठ्ठी वेगळी ठेवावी. ज्यांची ओळख पटली नाही त्यांनाही चिठ्ठीत जागा द्यावी: “मागची रांग, डावीकडून तिसरे, अनोळखी, थोरल्या आत्यांच्या मते नाना आजोबांचे मेहुणे,” आणि त्याखाली विचारल्याची तारीख. डावीकडून म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हेही त्यात स्पष्ट लिहावे.